मूळ कागद इथंच राहू द्या

जून संपत आला की माझ्या फोनला ताप चढतो. आयकर विवरणपत्र भरलं का, भरा, शेवटची तारीख जवळ आली, असे संदेश सकाळ-दुपार येत राहतात. मुलगी म्हणते, "आई, रिलॅक्स. टेन मिनिट्सचं काम आहे." खरंच दहा मिनिटांत होतं. सगळं आधीच भरलेलं असतं. माझं पेन्शन, माझं व्याज, माझा जन्म. ती फोनवर बोट फिरवत विचारते, "रेसिडेंट ना? क्लिक करते हं." मी नुसती मान हलवते.

त्या एका प्रश्नापाशी मला दरवर्षी थकवा येतो. काम काही नसतं, तरी येतो. गेल्या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता, हे विचारणारा तो रकाना मी एके काळी कितीजणांसाठी भरला असेल! कुवेतला, फरवानियातल्या आमच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावर, कूलरच्या घरघरीत. तेव्हा बोटाने क्लिक होत नसे. पासपोर्टवरचे शिक्के भिंगातून वाचायचे, आणि बोटांच्या पेरांवर दिवस मोजायचे.

कुवेतात कर नव्हता. पगार येईल तो अख्खा आपला. त्यामुळे नवा माणूस आला की पहिली दोन वर्षं हवेत असायचा. मग गावाकडे घर व्हायचं, त्यात भाडेकरू यायचा, बँकेत ठेव पडायची, आणि एके दिवशी घरून पत्र यायचं की आयकराचं काहीतरी आलंय. ते पत्र घेऊन माणूस माझ्याकडे यायचा. मी लॅब टेक्निशियन. दस्मानच्या बाजूला समुद्राजवळच्या हॉस्पिटलात दिवसभर रक्त आणि लघवी तपासायची. पण सांगलीला माझे वडील आयुष्यभर एका कर-सल्लागाराकडे कारकून होते. लहानपणी इतर मुली भातुकली खेळत, तेव्हा मी जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर खोटी विवरणपत्रं भरत असे. ही विद्या आमच्या माणसांत कशी कोण जाणे पसरली, आणि जूनमध्ये माझ्या दारात चपलांची रास पडू लागली.

चुका तरी किती ठरलेल्या! कुणी मागचं वर्ष आणि आकारणीचं वर्ष यांची अदलाबदल करी. कुणी पत्त्यात कुवेतचा पोस्ट बॉक्स घाली आणि मग नोटीस मिळाली नाही म्हणून रडे. सगळ्यांत जास्त लोक सही करायचं विसरत. फॉर्म कुणा जाणाऱ्याच्या बॅगेतून समुद्र ओलांडून जायचा, तिथल्या टेबलावर पोचायचा आणि सही नाही म्हणून परत यायचा. मी रागावत असे. तोंडाने मी नेहमीच फटकळ होते. "रक्त द्यायला आलात आणि हात घरी ठेवून आलात!" असं म्हणत असे. लोक हसत, सही करत, आणि जाताना टेबलावर खजुरांचं खोकं ठेवून जात. आमचे हे अर्दियाच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. दमून घरी यायचे तर टेबलावर जेवायला जागा नसायची. ते म्हणायचे, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! बाईसाहेब, आपला फॉर्म कधी भरायचा?" आमचा नेहमी शेवटी भरला जाई, हे खरंच आहे.

सकीनाआपा माझ्याकडून फॉर्म भरून घेणाऱ्यांतली. आमच्याच हॉस्पिटलात वॉर्डात आया होती. नमुन्यांचा ट्रे घेऊन दिवसातून पाच-सहा वेळा लॅबमध्ये यायची. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावची, लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा झालेली. सतरा वर्षं कुवेतात होती. सहाजणींबरोबर एका खोलीत राहायची, दोन वर्षांतून एकदा घरी जायची. तिला लिहिता-वाचता येत नसे, पण नमुन्याच्या बाटल्यांची अदलाबदल तिच्या हातून कधी झाली नाही. कमरेला करगोट्यात एक पितळी किल्ली असायची. वाकली की ट्रेवर वाजायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "घरच्या पेटीची हाय. अम्मांची पेटी. चावी संग असली का घर संग असल्यासारखा वाटतंय."

तिनं गावी घर बांधलं होतं. खाली दोन दुकानांचे गाळे, वर राहायला. मी तिचा फॉर्म भरायला घेतला तेव्हा कळलं की घर आपाच्या नावावर, पण त्यासाठीचा पैसा सगळा गेला होता भावाच्या खात्यात. ही आमच्या लोकांची खास चूक. बाई परदेशात, बँक तालुक्याला, बांधकामावर उभा राहणार भाऊ. मग ड्राफ्ट भावाच्याच नावानं काढायचा. तसं करताना कुणाच्या मनात पाप नसतं, आणि कागदाला मन कळत नाही. उद्या कुणी विचारलं की हे पैसे कुणाचे, तर आपाजवळ एकच पुरावा होता. दर महिन्याला फरवानियातल्या एक्स्चेंजमध्ये ड्राफ्ट काढताना मिळालेल्या पावत्या. वर अरबीत छापलेलं, खाली पाठवणारी म्हणून तिचं नाव आणि तिचा अंगठा. तिनं एकही टाकली नव्हती. दुधाच्या पावडरीच्या डब्यात भरून घेऊन आली. मी वर्षवार लावून पिना मारल्या आणि माझ्या जाड खोक्याच्या फाइलीत ठेवल्या.

१९९०च्या त्या उन्हाळ्यात आपा रजेवर निघाली. जाण्याआधी फॉर्म न्यायला आली. माझ्या समोर बसून तिनं अंगठा उठवला, बोट पुसलं आणि विचारलं, "ताय, ते कागद पण नेव काय घरी?"

मी म्हणाले, "अजिबात नको. फॉर्म तेवढा न्या. मूळ कागद इथंच राहू द्या. प्रवासात हरवले तर काय कराल? इथं माझ्याकडे सुरक्षित आहेत."

"तुमी बोला तसा," ती म्हणाली.

मला माझं ते वाक्य आजही जसंच्या तसं ऐकू येतं. त्या 'सुरक्षित' शब्दावर मी किती ठाम होते! वडिलांकडून उचललेला शब्द होता तो. मूळ कागद सुरक्षित जागी ठेवावेत.

ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य आलं. ते सगळं पुष्कळांनी सांगितलंय, मी पुन्हा सांगत नाही. मला आठवतात त्या साध्या गोष्टी. बेकरीपुढची रांग. एसी बंद पडल्यावर अंगाला चिकटणारी चादर. फरवानियाच्या रस्त्यावरच्या बस अचानक नाहीशा झाल्या होत्या, आणि जिथं कायम हॉर्न वाजायचा तिथं मांजरं निवांत बसलेली दिसायची. हॉस्पिटलात आम्ही अर्धेच उरलो होतो. ट्रे कोण आणणार, म्हणून मीच वॉर्डात जायची. आपा गावी सुखरूप आहे, एवढं एकच मनाला बरं वाटायचं.

आम्ही सप्टेंबरात निघालो. बसने बसरा, तिथून बगदाद, पुढे जॉर्डनची सीमा, असं करत अम्मान, आणि मग विमान. माणशी एकच बॅग. मी माझ्या बॅगेत आधी फाइल घातली. ह्यांनी ती बाहेर काढली आणि त्या जागी पाण्याचा कॅन आणि खुब्जच्या रोट्या ठेवल्या.

मी म्हणाले, "अहो, लोकांचे कागद आहेत ते."

"कागद पिऊन वाळवंट ओलांडणार आहेस का?"

त्यांचं बरोबर होतं. वाटेत त्या पाण्याच्या घोटाघोटाला मी ते कबूल केलं. पण निघण्याच्या आधी घरभर फिरून मी फाइलीला जागा शोधत होते. कपाट फोडतील, पलंग उलटतील. शेवटी गॅसच्या शेगडीखालचा ओव्हन उघडला. मी कधी त्यात केक केला नव्हता. त्यात कढया असायच्या. कढयांच्या मागे फाइल सारली, झाकण लावलं, आणि स्वतःवर खूश झाले. कागद कोण चोरतो? आणि ओव्हनमध्ये कोण बघतो? चोर अख्खी शेगडीच उचलून नेईल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

सांगलीला वडिलांच्या घरी आम्ही तो हिवाळा काढला. परत आलेल्या माणसाचं पहिले आठ दिवस कौतुक होतं, मग तो घरातलं जास्तीचं सामान होतो. वसंताच्या सुमारास आपाचं पत्र आलं. गावातल्या कुणा शाळकरी मुलीनं लिहिलेलं, पण बोल आपाचे. 'ताय, आयकरवाल्यानी नोटीस दिली. घराचा पैसा तुजा कशावरून, इचारतात. भाव माजा थंडीत वारला. त्येचे पोरगे बोलतात, घर आमच्या बापानं बांधला. साहेबाला कागद पायजे, पोरांना पन कागद पायजे. माजे कागद पाठवा.'

सतरा वर्षं तिनं परक्या माणसांची बेडपॅन उचलली होती. त्या सतरा वर्षांचं घर झालं होतं, आणि ते घर तिचं आहे हे सांगणारा एकुलता एक पुरावा मी एका शेगडीत कोंबून आले होते. वडिलांनी विचारलं, "कुणाचं पत्र?" मी म्हटलं, "हॉस्पिटलातल्या एकीचं." आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद सांभाळलेल्या त्या माणसाला खरं सांगायची मला लाज वाटली. आपाला मी लिहिलं, मुदत मागून घ्या. तिनं मागितली. साहेब बरा होता, दिली. पुन्हा मागितली. पुन्हा दिली, आणि ही शेवटची, असं बजावलं.

उन्हाळ्यात हॉस्पिटलनं जुन्या माणसांना परत बोलावलं. लोकांना मी सांगितलं, नोकरीसाठी जातेय. ह्यांना खरं माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "आणि नसली फाइल तर?" त्यावर मी भांडलेसुद्धा नाही. भांडायला अंगात त्राण लागतं.

ती १९९१ची कुवेतची दुपार मी विसरणार नाही. विहिरी जळत होत्या. ऊन होतं आणि उजेड नव्हता. गाड्या भर दुपारी दिवे लावून चालल्या होत्या. दोरीवर वाळत घातलेला पांढरा कपडा तासाभरात कळकट होई. नाक शिंकरलं तर रुमाल काळा. आमच्या इमारतीच्या दारात हारिस, म्हणजे राखणदार, तोच होता. आम्ही त्याला अबू सईद म्हणायचो. इजिप्तकडचा म्हातारा, निरक्षर. सगळे गेले तरी तो जिना सोडून गेला नव्हता. मला पाहून तो उठला, आणि आमच्या घराकडे बोट दाखवून त्यानं दोन्ही हात झटकले.

घरात काहीच नव्हतं. पंखे नव्हते, दिव्यांची बटणंसुद्धा उपटून नेलेली. स्वयंपाकघरात शेगडीच्या जागी फरशीवर तेवढा स्वच्छ चौकोन होता. त्या चौकोनात मी बसले. रडले नाही. इतकी दमले होते की रडायलाही कुणीतरी मदत करावी असं वाटलं. समोर भिंतीशी माझी जुनी कढई पालथी पडली होती, आणि ती बघता बघता मला कळलं. शेगडी नेणाऱ्यानं ओझं नको म्हणून आतलं सामान आधी बाहेर फेकलं असणार.

मी धावत खाली गेले. मोडक्यातोडक्या हिंदी-अरबीत विचारलं, "अबू सईद, इथं कागद होते. वरका. वेन वरका?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मदाम, सर्दी में गॅस नहीं. चाय बनाया. इंग्लिश वरका... खलास."

म्हणजे जाळले. थंडीत गॅस नव्हता, आणि त्यानं रिकाम्या घरांतले कागद चहासाठी जाळले. मी त्याला काय बोलणार? मीही पाण्यासाठी ती फाइल बॅगेतून काढू दिलीच होती. मी जिना चढायला वळले, तर तो म्हणाला, "सबर, मदाम."

आपल्या जिन्याखालच्या खोलीत तो गेला. उंच खिळ्याला तांदळाचं एक पोतं टांगलेलं होतं, माणसाच्या डोक्याच्याही वर. ते त्यानं दोन्ही हातांनी उतरवलं आणि माझ्यापुढे धरलं. "अरबी वरका," तो म्हणाला. "मैं पढ़ना नहीं जानता. इसमें अल्लाह का नाम होगा. जमीन पर हराम, जलाना भी हराम."

सगळ्या मजल्यांवरचे अरबी छापलेले कागद त्या पोत्यात होते. विजेची बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, शाळेच्या वह्या. आणि मधोमध, माझ्याच पिना मारलेले, वर्षवार लावलेले आपाचे गठ्ठे. पिना गंजल्या होत्या, वरचे कागद काजळीनं काळवंडले होते, पण खालचा अंगठा दिसत होता. एकेक गठ्ठा उचलला तसा एकेक अंगठा. मी त्या जिन्यातच बसून मोजले. सतराच्या सतरा वर्षं होती.

माझे स्वतःचे कागद मात्र सगळे गेले. डिप्लोम्याची गुणपत्रिका, वडिलांनी पहिल्या वर्षी लिहिलेली पत्रं, लग्नाचा एक फोटो ज्याच्या मागे मी इंग्रजीत तारीख घातली होती. इंग्रजी आणि मराठी अबू सईदला सारखंच. त्याचा चहा झाला. त्याबद्दल मला त्याचा राग कधी आला नाही, पण पत्रांचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

एक नर्स त्याच आठवड्यात मुंबईला जाणार होती. या वेळी मी 'मूळ कागद इथंच' म्हटलं नाही. सगळे गठ्ठे तिच्या हातबॅगेत घातले, आणि बरोबर आपाला पत्र लिहिलं. माझ्या स्वभावात माफी मागणं बसत नाही, ह्यांना विचारा. पण त्या पत्रात मागितली. लिहिलं, की आपा, तुम्ही नेतो म्हणाला होता, मी नेऊ दिले नाहीत. तुमचं घर माझ्या शहाणपणापायी जाणार होतं.

महिन्या-दीड महिन्यानं उत्तर आलं. साहेबानं कागद ठेवून घेतले होते, आणि घराचा पैसा आपाचाच, असं मानलं होतं. भाच्यांनीही अंगठे बघून मान खाली घातली होती. आणि शेवटी लिहिलं होतं, 'ताय, मनाला लावून घेव नका. मी कागद घरी आनले असते तर पेटीत ठेवले असते. भाव गेल्यावर मी एक दिवस रत्नागिरीला आफिसात गेलेली, तवा पोरांनी माजी पेटी फोडली. होता नव्हता तो चुलीत घातला. तुमच्यापाशी ऱ्हायले म्हनून वाचले. तुमी बोलला ता बरोबरच होता.'

ते वाचून मी किती महिन्यांनी नीट झोपले! तोवर हेही कुवेतला परत आले होते, त्यांना पत्र दाखवलं. म्हटलं, "बघा, माझा सल्ला चुकला नव्हता." ते म्हणाले, "तुझा कधी चुकलाय?" आणि दोघं हसलो. त्या काळ्या आकाशाखाली आम्ही दोघं मिळून हसल्याची तेवढी एकच आठवण माझ्यापाशी आहे.

आपा पुन्हा कुवेतला आली नाही. आम्ही आणखी बरीच वर्षं राहिलो. मुलगी तिथंच झाली. कायमचं परत आल्यावर एकदा रत्नागिरीला जाणं झालं, तेव्हा आपाकडे गेले. घर छान होतं. खालच्या गाळ्यात तिचा थोरला भाचा किराणा दुकान चालवत होता. वर येऊन त्यानंच चहा दिला आणि "फुफी, तुझी गोळी घेतलीस काय?" असं विचारून खाली गेला. मी मनात म्हटलं, हाच तो पेटी फोडणारा, पण आता किती निवळलाय.

माझ्या खुर्चीशेजारीच ती पेटी होती. सागवानी, पितळी पट्ट्यांची, वर क्रोशाचा रुमाल. मी हात फिरवला. म्हटलं, "हीच का अम्मांची?"

आपाचा चेहरा उजळला. "हीच. अम्मांनी लावला तोच कुलूप हाय अजून. चावी बगा ना, कुवेतला सतरा वर्षं माज्या कमरंला होती, आज पन हाय." तिनं करगोट्यातली ती पितळी किल्ली वर करून दाखवली. "माज्याशिवाय हिला कुनाचा हात लागला नाय, ताय. आमची पोरं तशी नायत. फुफीच्या पेटीला हात लावायची न्हायत ती."

मी कुलपाकडे बघितलं. कडीला कुठं खोच नव्हती, पट्टी वाकलेली नव्हती. आपा चहात बिस्कीट बुडवत होती. आपण काय बोलून गेलो हे तिच्या ध्यानातही नव्हतं. एवढ्या वर्षांपूर्वी एका पत्रात मुलीकरवी लिहून घेतलेल्या चार ओळी, त्या तिनं केव्हाच विसरून टाकल्या होत्या. आठवणीत ठेवण्यासारखं तिनं काही केलंय असं तिला वाटलंच नसावं.

म्हणजे कागद घरी आले असते तर या पेटीत, या कुलपात, अगदी नीट राहिले असते.

मुलगी फोन माझ्यापुढे धरते. "आई, डिक्लेरेशन वाच आणि ओके म्हण. दिलेली माहिती खरी आहे वगैरे." मी वाचते. इतक्या लोकांची विवरणपत्रं भरली, एकेका आकड्याला पुरावा मागितला, जरा संशय आला की फटकारलं. सकीनाआपानं उभ्या आयुष्यात एकच खोटं निवेदन दिलं, तेही माझ्यासाठी. ते मी त्या दिवशी चहाबरोबर गिळलं, आणि तिला काही विचारलं नाही.